जुनी गाडी : गिअरची की बिनगिअरची?

मैत्रिणींनो, घरात जुनी गाडी घ्यायचं ठरलं की पहिले पंधरा दिवस त्या घरात दुसरा विषय नसतो. कंपनी कोणती, रंग कोणता, पेट्रोल की सीएनजी, हे तर चालतंच. पण अलीकडे त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. गिअरची घ्यायची की ऑटोमॅटिक? आणि गंमत अशी की, ज्यांना ती गाडी रोज चालवायची नसते तेच या प्रश्नावर सर्वांत जास्त बोलतात!

आमच्याकडे गेल्या वर्षी अगदी हेच झालं. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं. त्यानंतर काही महिने आठवड्यातून तीन दिवस त्यांना व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं होतं. आम्ही साताऱ्यात, समर्थ मंदिराच्या बाजूला राहतो. इकडचे रस्ते म्हणजे एक तर चढ, नाहीतर उतार. रिक्षात पाय दुमडून बसणं त्यांना जमेना आणि माझ्या स्कूटरवर मागे बसवण्याचा तर प्रश्नच नव्हता. हे सकाळी आठलाच कराडला नोकरीवर जातात. म्हणजे गाडी आली तरी सोमवार ते शनिवार ती चालवणार मी. लायसन्स पाच वर्षांपूर्वीच काढून ठेवलं होतं. पण चढावर गाडी थांबली आणि मागे एस.टी. येऊन उभी राहिली, की माझ्या डाव्या पायाला कापरं भरायचं!

चार लाख रुपये जमवले होते. त्यातले एक लाख दहा हजार माझ्या अर्धवेळ शिक्षिकेच्या पगारातून महिन्यामहिन्याला बाजूला टाकलेले. आम्हांला एकदाच गाडी घेता येणार होती. फसलो असतो तर पुन्हा पैसे उभे राहण्यासारखे नव्हते.

धाकटे भाऊजी म्हणाले, “वहिनींसाठी ऑटोमॅटिकच बघू. बायकांना ती बरी पडते.”

हे म्हणाले, “छे! ती बिघडली की खर्चाला अंत नाही. साधी गिअरची घ्यावी, कोणताही मेकॅनिक दुरुस्त करतो.”

दोघांचं अर्धा तास चाललं होतं. मी मध्ये चहा देऊन आले, रिकामे कप उचलून नेले. शेवटी सासूबाईच पलंगावरून म्हणाल्या, “अरे, चालवणार ती. तिला विचारा की!”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि खरं सांगते, त्या वेळी सांगण्यासारखं माझ्याजवळ काहीच नव्हतं. बी.ए. झालेली बाई मी, मुलांना इतिहास शिकवते. पण आपल्या पैशाची गाडी कोणती असावी याचं उत्तर मला देता येईना. त्यानंतर महिनाभर मी विचारत फिरले, गाड्या चालवून बघितल्या, एकदा फसता फसता वाचले. त्यातून जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवते आहे.

ऑटोमॅटिकची भीती कशाला?

पहिली गोष्ट म्हणजे, आपल्यापैकी बहुतेकजणी ऑटोमॅटिक गाडी आधीपासूनच चालवत आहेत! आपली बिनगिअरची स्कूटर म्हणजे दुसरं काय? १९७२ साली पुण्याची लूना आली आणि क्लच न दाबता गाडी चालवता येते हे घरोघरी कळलं. पुढे १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली. तिच्यात एक पट्टा असतो आणि तो दोन पुलींवरून फिरत वेगाप्रमाणे आपोआप जागा बदलतो. आजच्या स्कूटरमध्येही तीच योजना आहे. म्हणजे आपण वर्षानुवर्षं या यंत्रावर बसून मंडईत जातो, मुलांना शाळेत सोडतो आणि तरीही मोटारीत ते दिसलं की “बाई, हे नवीन काहीतरी!” म्हणतो.

मोटारीतही ते नवीन नाहीच. अमेरिकेत १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत हायड्रा-मॅटिक नावाचा पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवून मिळू लागला होता. आज तिथे गिअरची मोटार क्वचित दिसते आणि तिथले पुरुषही बिनतक्रार ऑटोमॅटिक चालवतात. तेव्हा “बायकांना ऑटोमॅटिक बरी” या म्हणण्यात काही तथ्य नाही. ती ज्याला सोयीची त्याला बरी. वाहतुकीत रोज दीड तास अडकणाऱ्या पुरुषाला ती बरी, आणि मोकळ्या रस्त्याला राहणाऱ्या बाईला कदाचित नकोही.

आपल्याकडे मात्र सर्वसाधारण घराच्या आवाक्यात ती उशिरा आली. त्याआधी काही ऑटोमॅटिक गाड्या होत्या, पण मोजक्या. फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ एएमटी गिअरबॉक्ससह आली आणि मग इतर कंपन्याही त्या वाटेने आल्या. त्यामुळेच आज जुन्या गाड्यांच्या बाजारात लहान ऑटोमॅटिक गाड्या दिसतात. आपल्या आईच्या काळात हा प्रश्नच नव्हता. तेव्हा पद्मिनी किंवा ॲम्बॅसिडर, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ!

नाव एक, प्रकार चार

“ऑटोमॅटिक आहे” एवढ्यावर विकणाऱ्याला सोडू नका. “कोणती ऑटोमॅटिक?” असं विचारा. हा एक प्रश्न विचारलात की समोरचा माणूस सावरून बसतो. प्रकार चार आहेत. ते आपल्या घरातल्या उदाहरणांनी सांगते.

एएमटी : ही मुळात गिअरचीच गाडी. तोच गिअरबॉक्स, तीच क्लचप्लेट. फक्त क्लच दाबायचा आणि गिअर बदलायचा हे काम यंत्र करतं. आपल्या डाव्या पायाच्या आणि डाव्या हाताच्या जागी एक अदृश्य नोकर ठेवला आहे म्हणा ना! मारुतीत हिलाच एजीएस म्हणतात. ती स्वस्त असते. नव्या गाडीत साध्या गिअरच्या गाडीपेक्षा साधारण पन्नास हजारांच्या आगेमागे जास्त. पेट्रोलही जवळजवळ तेवढंच खाते. पण गिअर बदलताना किंचित मान हलल्यासारखा झोका बसतो. आणि लक्षात ठेवा, हिच्यात क्लचप्लेट आहे, म्हणजे ती झिजणारही आहे.

टॉर्क कन्व्हर्टर : ही जुनी आणि कसाला उतरलेली पद्धत. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पाती फिरू लागतात. इथे वाऱ्याच्या जागी तेल असतं. त्यामुळे चाल अगदी मऊ आणि चढावरही झिजायला आपल्यासारखी क्लचप्लेट नाही. पण तेल वेळेवर बदललेलं हवं, आणि जुन्या मॉडेलना पेट्रोल थोडं जास्त लागतं.

सीव्हीटी : ही आपल्या स्कूटरची मोठी बहीण. दोन पुली आणि एक मजबूत पट्टा, पिठाच्या गिरणीत असतो तसा, पण धातूचा. हिच्यात गिअर बदलल्याचा धक्का बसतच नाही. जोरात पाय दिला की इंजिनचा आवाज आधी वाढतो आणि गाडी मागाहून वेग घेते. तो दोष नव्हे, तो तिचा स्वभाव आहे. तेल मात्र तिचं खास असतं. दुसरं कुठलं चालत नाही.

ड्युअल क्लच : हिच्यात दोन क्लच असतात. एकाकडे पहिला, तिसरा, पाचवा गिअर आणि दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा. एका तव्यावर पोळी भाजत असतानाच दुसऱ्या तव्यावर पुढची टाकून ठेवावी, तसं. चाल झकास, पण दुरुस्ती महाग. मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या वाहतुकीत काही गाड्यांचे क्लच तापतात. ज्यांचं बजेट ओढाताणीचं आहे त्यांनी वॉरंटी संपलेली अशी जुनी गाडी घेताना दहा वेळा विचार करावा.

आधी कागद घ्या, मग गाडी

हे सगळं कळल्यावर मी एक साधी गोष्ट केली. वही घेतली आणि आठवडाभर मी कुठे कुठे जाणार ते लिहून काढलं. शाळा, पोवई नाका, दवाखाना, राजवाड्याची भाजी, महिन्यातून एकदा पुणे. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहिल्या : रस्ता चढाचा की सपाट? किती वेळा थांबायला लागतं? गाडी कोण चालवणार? मैत्रिणींनो, तुम्हीही हे करा. उत्तर अर्धं तिथेच मिळतं.

पुण्या-मुंबईत रोज सिग्नलला सिग्नल लागत असेल, तासभरात शंभर वेळा क्लच दाबावा लागत असेल, तर ऑटोमॅटिकचा जादा खर्च वाया जात नाही. माझी एक मैत्रीण पुण्यात हिंजवडीकडे रोज जाते. तिने गिअरची गाडी विकून ऑटोमॅटिक घेतली. “संध्याकाळी घरी आल्यावर स्वयंपाकाला उभं राहायला पाय शिल्लक राहतो गं!” असं ती म्हणते. डावा गुडघा, घोटा किंवा कंबर दुखत असेल, डाव्या पायात अधूपण असेल, तर प्रश्नच नाही. अशा बाईने गिअरच्या गाडीचा हट्ट धरणं म्हणजे उगाच अंगावर दुखणं ओढून घेणं.

उलट तुमचं गाव लहान असेल, रस्ता मोकळा असेल, बजेट मोजकं असेल, आणि जवळच्या गॅरेजमध्ये ऑटोमॅटिकचं काम होत नसेल, तर गिअरची गाडी अजूनही शहाणपणाची. तेवढ्याच पैशात ती जरा अलीकडची मिळते आणि बॅटरी उतरली तर चार माणसांनी धक्का मारून चालू करता येते. ऑटोमॅटिकला धक्का मारून उपयोग नाही. तिच्यात बॅटरी जोडायच्या वायरी कायम ठेवाव्यात. ती बंद पडली तर पुढची चाकं रस्त्यावर ठेवून दोराने ओढत नेऊ नये. उचलून नेणारी गाडी बोलवावी. नाहीतर दोनशे रुपयांचा दोर गिअरबॉक्स खाऊन टाकतो.

फसता फसता वाचले ती गोष्ट

माझ्या वहीत चढ जास्त निघाले. म्हणून भाऊजींचं म्हणणं मला पटलं आणि आम्ही एक एएमटी बघायला गेलो. पाच वर्षांची, बेचाळीस हजार किलोमीटर चाललेली, रंग सुरेख मोतिया. किंमत तीन लाख नव्वद हजार. दलालाने मोठ्या सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून दाखवली. मी चालवली. गुळगुळीत चालली! ह्यांनी खिशातून इसाराचे पैसे काढलेच होते.

मी म्हटलं, “जरा आमच्या घराकडच्या चढावर नेऊ या.”

दलाल म्हणाला, “मॅडम, गाडी सपाट रस्त्यावरच बघतात. चढावर सगळ्याच सारख्या.”

मी म्हटलं, “मला रोज चढावरच जायचंय.”

समर्थ मंदिराकडच्या चढावर मुद्दाम गाडी थांबवली आणि पुन्हा निघाले. गाडी अशी थरथरली की समोरचा आरसा हलायला लागला. वर पोचल्यावर खाली उतरले तर वास आला. कुकरमधलं पाणी संपून खालचं भांडं करपायला लागलं की येतो ना, तसा काहीसा. स्वयंपाकघरात वीस वर्षं काढलेल्या नाकाला करपलेलं ओळखता येतं!

दलाल हसत म्हणाला, “ऑटोमॅटिकला असंच असतं मॅडम. सवय होईल.”

आमच्या ओळखीचे गॅरेजवाले मामा बरोबर होते. ते ह्यांना बाजूला घेऊन म्हणाले, “साहेब, हिची क्लचप्लेट संपलीय. आधीच्या मालकाने चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवलेली असणार. बदलायची म्हटलं तर प्लेट, प्रेशर प्लेट, वर कॉम्प्युटर लावून जुळवणी. वीस हजारांच्या पुढं गेलं समजा.”

त्या दिवशी मला दोन गोष्टी समजल्या. एक, दोष ऑटोमॅटिकचा नव्हता. त्या एका गाडीचा होता. गिअरचीही अशीच झिजलेली मिळाली असती. दुसरी, “असंच असतं” हे वाक्य ऐकलं की थांबायचं. चांगल्या गाडीला असं नसतं.

बघायचं काय?

गिअरची गाडी असेल तर :

क्लच दाबून हळूहळू सोडा. साधारण मध्यावर गाडी पुढे सरकू लागली तर ठीक. पाय अगदी वर आल्यावरच सरकत असेल तर प्लेट झिजलेली समजावी.

मोकळ्या सपाट जागी, पुढेमागे कुणी नसताना, हँडब्रेक पक्का ओढा, ब्रेकवर पाय ठेवा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडायला हवं. चालूच राहिलं तर प्लेट घसरते आहे. ही परीक्षा एकदाच करावी, पुन्हा पुन्हा नाही.

चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय द्या. आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असं झालं तर तेच कारण.

सगळे गिअर वर चढवताना आणि खाली उतरवताना टाकून बघा. दुसऱ्या गिअरला किंवा रिव्हर्सला खरखर होते का, ते ऐका. क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर बेअरिंग गेलेलं असू शकतं.

ऑटोमॅटिक असेल तर :

गाडी थंड असतानाच बघायला जा. मालकाने आधी तापवून ठेवली असेल तर बरंच काही झाकलं जातं. बॉनेटला हात लावून बघा.

ब्रेकवर पाय ठेवून न्यूट्रलमधून डी, मग रिव्हर्स टाका. गिअर पडायला फार वेळ लागतो का, धाडकन धक्का बसतो का, ते बघा.

एएमटीला चढ दाखवाच. निघताना थरथर आणि करपट वास, दोन्ही वाईट. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत तेल तपासायची काडी असेल तर मेकॅनिककडून बघून घ्या. तेल काळं पडलेलं आणि जळका वास येणारं नसावं. सीव्हीटीत हळू चालताना धडधड किंवा सतत बारीक शिट्टीसारखा आवाज नको. ड्युअल क्लचची गाडी निदान वीस मिनिटं गर्दीत चालवा. आचके बसतात का, तापल्याचा दिवा लागतो का, ते कळेल.

गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं त्याची पावती मागा. “बदललंय हो” ही पावती नव्हे! शक्य असेल तर कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेऊन कॉम्प्युटरवर तपासणी करून घ्या. हजार-दोन हजार जातील, पण लाख वाचतील.

आणि दोन्ही गाड्यांना लागू असलेली एक युक्ती. मीटरवर किलोमीटर कितीही दिसू देत, पेडलची रबरं बघा. तीस हजार किलोमीटर म्हणतात आणि ब्रेकचं रबर जुन्या चपलेच्या टाचेसारखं झिजलेलं, तर समजून घ्या. तसंच २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडच्या कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या होत्या. अशी बुडालेली गाडी रंगवून बाजारात येऊ शकते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून चिखलाचे डाग आहेत का बघा, पायाखालची सतरंजी उचलून वास घ्या. ऑटोमॅटिकमध्ये विजेचे भाग जास्त, म्हणून तिला पाण्याची बाधा अधिक.

घाटात उतरताना

गाडी कोणतीही घ्या, ही एक गोष्ट मनावर कोरून ठेवा : उतारावर न्यूट्रल टाकायचं नाही. पेट्रोल वाचतं असं सांगणारे पुष्कळ भेटतील. पुण्याला नवीन कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर किती अपघात झाले ते आपण वर्तमानपत्रांत वाचतो. त्यांतल्या अनेकांत जड वाहन न्यूट्रलमध्ये सोडल्याचं कारण पुढे आलं आहे. गाडी न्यूट्रलमध्ये गेली की इंजिन तिला अडवत नाही. सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि मग धरत नाहीत.

गिअरच्या गाडीत खंबाटकीसारख्या घाटातून उतरताना दुसरा-तिसरा गिअर टाकायचा. ऑटोमॅटिकमध्ये त्यासाठी एम किंवा एल अशी सोय असते. घेताना ती चालते का, हे बघून घ्यावं.

ऑटोमॅटिक चालवणाऱ्यांसाठी आणखी एक. डावा पाय पूर्ण विसरून जायचा. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्याच पायाने. डाव्या पायाला क्लच दाबायची सवय असते. तो घाईत ब्रेकवर पडला तर गाडी जागीच थांबते आणि मागचा येऊन धडकतो. पहिले आठ दिवस मोकळ्या मैदानावर सराव करा. चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर धरून ठेवू नका, ब्रेक लावा. बहुतेक एएमटी गाड्यांत पार्किंगचा पी नसतो. उतारावर लावताना हँडब्रेक पूर्ण ओढायला विसरू नका.

शिकायचं मात्र गिअरच्या गाडीवर, असं माझं मत आहे. मोटारीचं लायसन्स आपल्याकडे दोन्हींना एकच आहे. पण अडीअडचणीला शेजाऱ्याची, भावाची, जी मिळेल ती गाडी आपल्याला चालवता यायला हवी.

कागद विसरू नका

गाडी आवडली की माणूस कागद बघायचं विसरतो. आर.सी.वर मालक कितवा, कर्जाचा बोजा चढवलेला आहे का, चासीचा नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळतो का, दंडाची चलनं बाकी आहेत का, एवढं बघाच. नाव बदलायला फॉर्म नंबर २९ आणि ३० लागतात. कर्ज फिटलेलं असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म नंबर ३५. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा. आणि मैत्रिणींनो, पैसे तुमचे असतील, गाडी तुम्ही चालवणार असाल, तर आर.सी.वर नाव कुणाचं घालायचं हेही घरात एकदा मोकळेपणाने बोलून घ्यावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

शेवटी आम्ही काय घेतलं?

तुम्ही विचाराल, एवढं सगळं करून शेवटी काय घेतलं? गिअरची! आठ वर्षांची, एकाच मालकाची, सर्व्हिसिंगच्या सगळ्या पावत्या फाईलला लावलेली. किंमत तीन लाख वीस हजार. क्लच थोडा वरच धरत होता. मामांनी ते तिथेच दाखवून दिलं, म्हणून मालकाने दहा हजार कमी केले आणि साडेआठ हजारांत नवा क्लच बसला. चांगली ऑटोमॅटिक आमच्या पैशात त्या महिन्यात मिळाली असती तर कदाचित तीही घेतली असती. गिअरची चालवते म्हणजे मी काही मोठी शूर नाही.

राहिला प्रश्न चढाचा. मामांनी एका रविवारी सकाळी मला तासभर चढावरच उभं केलं. हँडब्रेक ओढायचा, पहिला गिअर टाकायचा, थोडा ॲक्सिलरेटर द्यायचा, क्लच हळूहळू सोडायचा. इंजिनचा आवाज जड झाला आणि गाडीचं नाक जरा उचललं की मगच हँडब्रेक खाली. गाडी बोटभरही मागे जात नाही. तीस वेळा केलं. हे मला पाच वर्षांपूर्वी ड्रायव्हिंग क्लासमध्ये कुणी शिकवलं असतं, तर माझी पाच वर्षं भीतीत गेली नसती!

पहिल्या सोमवारी सासूबाईंना मागच्या सीटवर पाय लांब करून बसवलं. दवाखान्यातून परत येताना नेमकी चढावर गाडी थांबली आणि आरशात बघते तो मागे एस.टी.! पाय कापला, नाही असं नाही. हँडब्रेक ओढला. नाक उचललं. निघालो. घरी आल्यावर सासूबाई ह्यांना म्हणाल्या, “तुझ्यापेक्षा हिची गाडी कमी हिसकते रे.”

तेव्हा भाऊजी काय म्हणतात, शेजारचे काय म्हणतात, ते ऐकून घ्या. त्यांचाही अनुभव असतो. पण गाडी ज्या रस्त्यावर चालायची त्या रस्त्यावर, जी चालवणार तिने, स्वतः चालवून बघितल्याशिवाय इसारा द्यायचा नाही. आणि घरात कुणी विचारलंच, “तुला कोणती हवी?” तर उत्तर तयार ठेवा.